शेवटचा ठोका

त्या काळचे नाचगाण्यांचे सिनेमे तुम्ही पाहिले असतील तर तुम्ही मला ओळखत नाही, पण माझे पाय तुमच्या चांगले ओळखीचे आहेत. लान्स कॅरोवे कोटाची शेपटं उडवत जिना उतरायचा, फरशीवर त्याचे बूट टकाटक वाजायचे आणि थेटरातल्या बायका उसासे सोडायच्या. ते वाजणं माझं होतं. लान्सचे पाय दिसायला देखणे, पण तालाशी त्यांचं जन्माचं वैर. शिवाय नाच चित्रित होताना इतका गोंगाट असायचा की कुणाचेच पाय धड ऐकू यायचे नाहीत. म्हणून मागाहून आम्हाला बोलावलं जायचं. पडद्यावर नाच सुरू व्हायचा आणि आम्ही समोरच्या लाकडी फळीवर, तळाला धातूच्या चकत्या ठोकलेले बूट घालून, तेच ठोके वाजवायचो.

आम्ही म्हणजे मी, ऑरिन पेकहॅम, आणि व्हेरा लिंडक्विस्ट. नायिकेचे पाय तिचे. मी स्वतः पडद्यावर का नाही, हे माझे कान पाहिलेला माणूस विचारत नाही. नट निवडणाऱ्या साहेबांनी एकदा माझ्याकडे समोरून पाहिलं, एकदा बाजूनं पाहिलं आणि म्हणाले, "तू आवाजाच्या खात्यात शोभशील."

आवाजाच्या खात्याची शिस्त मोठी कडक. फळीवरचा लाल दिवा लागला की बोलायचं नाही, खोकायचं नाही. खिशात किल्ल्या चालायच्या नाहीत. कडक इस्त्रीचा शर्टसुद्धा चालायचा नाही, कारण तो सळसळतो. अशा मुक्या अवस्थेत मी आणि व्हेरा कितीतरी वेळा प्रेमात पडलो, रुसलो, पुन्हा एक झालो. सगळं दुसऱ्यांच्या वतीनं.

व्हेराची माझ्याबद्दल एकच तक्रार होती. "नायकानं विचारलं, नायिकेनं उत्तर दिलं, संपलं. वर आणखी एक ठोका कशाला मारतोस?"

"शोभा येते त्यानं."

"शोभा कसली डोंबलाची! शेवटचा शब्द आपला असल्याशिवाय तुला चैन पडत नाही."

"मुळीच नाही," मी म्हणालो, आणि टाचेनं टक् केलं.

एकदा स्टुडिओच्या कँटीनमध्ये सूप पिता पिता तिनं सांगितलं की शिकागोच्या तिच्या मावशीला आता नाचाचे वर्ग झेपत नाहीत. ते व्हेरा सांभाळणार होती. हातातला सिनेमा संपला की शनिवारच्या गाडीनं ती निघणार होती. माझा चमचा हवेतच राहिला. या बाईशिवाय आपलं काही खरं नाही, हे मला तेव्हा कळलं. बाकीच्या सगळ्या खात्यांना ते आधीच कळलेलं होतं म्हणे.

आता खरं तर मी सरळ बोलायला हवं होतं. पण प्रेमाबद्दल मला जी काही अक्कल होती ती सगळी आमच्याच स्टुडिओत तयार झालेली. आमच्या सिनेमात नायक-नायिका आधी एकमेकांचा पाणउतारा करतात. जितकं झोंबणारं बोलणं, तितकं लग्न जवळ. तेव्हा मी तिच्या नव्या टोपीकडे पाहून म्हणालो, "त्या टोपीवर पक्षी बसलाय की मेलाय?"

सिनेमातली नायिका यावर ताडकन उठली असती, सवाई टोमणा मारला असता, एखादी बशी फोडली असती आणि कुठूनतरी व्हायोलिनं सुरू झाली असती. व्हेरानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"आईनं केलीय," ती म्हणाली. "तिला आता नीट दिसत नाही."

मग ती खाली मान घालून सूप संपवत राहिली. व्हायोलिनं काही सुरू झाली नाहीत. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मीठ मागितलं, तेवढंच.

शहाण्या माणसानं तिथल्या तिथे माफी मागितली असती. मी मात्र पुढच्या पानावर गेलो. आमच्या सिनेमात भांडणानंतर मत्सर येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कपडेपटातल्या डोलोरेसच्या मागे मागे तिची खोकी उचलत हिंडलो आणि व्हेरा दिसली की मोठमोठ्यानं हसलो.

"दाढ दुखतेय का रे तुझी?" डोलोरेसनं विचारलं.

व्हेरा जवळ आली तेव्हा मला वाटलं, आला मत्सर. तिनं मला बाजूला घेतलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "चांगली मुलगी आहे ती. तुला लाज वाटत असेल तर मी बोलू का तिच्याशी?"

खिडकीखाली उभं राहून गाणं म्हणायचाही बेत होता. पण माझा गळा ऐकून तिनं आधीचीच गाडी पकडली असती, म्हणून तो सोडून दिला.

असा शुक्रवार उजाडला. शेवटच्या नाचाचं ध्वनिमुद्रण होतं. प्रसंग असा की नायिका रुसून दार लावून बसली आहे. बाहेर उंबऱ्यावर लान्स पायांनी विचारतो. आतून तिनं तोच बोल पायांनी परत वाजवला, की समजायचं, राग गेला. नायिका दाराआड, त्यामुळे पडद्यावर दिसतो तो फक्त लान्सचा चेहरा. लान्सला वाट पाहण्याचा एकच भाव येत असे. तो दिग्दर्शकानं लांबच्या लांब घेऊन ठेवला होता.

काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक मिस्टर हॅस्केल रीळ चढवत होते. व्हेरा बुटाचे बंद बांधत होती. डोक्यावर तीच टोपी. उद्या या वेळी फळीवर माझ्याशेजारी कुणीही नसेल.

"व्हेरा, टोपी छान आहे."

"नाही रे. भयंकर आहे."

"बरं, भयंकर आहे. पण मी बोललो ते त्याहून भयंकर. मला वाटलं, एकदा भांडण झालं की पुढचं सगळं आपोआप होतं."

"कुठे होतं असं?"

"सिनेमात."

तिचे हात थांबले. "आणि डोलोरेस?"

"तीही सिनेमातलीच."

"अरे देवा! ऑरिन, लोक फसतात ते समजू शकते मी. पण आपण इथे पत्र्याचा चंद्र टांगलेला रोज बघतो! निदान आपण तरी..."

"माहीत आहे. मी गाढव आहे. पण तू जायला नको आहे मला. आणि जायचंच असेल तर मीही येतो. माझ्याशी लग्न करशील?"

तिनं तोंड उघडलं आणि लाल दिवा लागला.

पडद्यावर लान्स दाराशी आला. मी वाजवायला लागलो. एरवी त्या जागी मी असा काही तोरा दाखवत असे की दारच काय, भिंतही उघडावी. त्या दिवशी पायात जोरच नव्हता. साधे, हळू ठोके पडले. भीत भीत विचारल्यासारखे. माझा बोल संपला. आता व्हेराची पाळी.

व्हेरा वाजवेना.

पडद्यावर लान्स वाट बघत होता. फळीवर मी वाट बघत होतो. काचेआड हॅस्केल दोन्ही हात उंचावून उभे होते. बोलायची सोय नाही, खोकायची सोय नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर ती आपल्या बुटांकडे बघत होती. पायांवर जिंदगी काढलेल्या माणसाला पाय न वाजणं किती लांबलचक असू शकतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

मग तिनं वाजवलं. माझाच बोल, तसाच हळू, शेवटपर्यंत.

सवयीनं माझी टाच उचलली गेली. शेवटचा ठोका तिथे तयारच होता. मी टाच तशीच अधांतरी धरली. पिंढरीत गोळा आला, डोळ्यांत पाणी आलं, पण दिवा विझेपर्यंत मी ती खाली टेकवली नाही.

"बाईसाहेब, फार उशीर केलात!" हॅस्केल आतून ओरडले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि टक्कल खाजवलं. "पण राहू द्या. लान्सला काहीतरी हवंय असं आज पहिल्यांदा वाटलं."

मी व्हेराकडे वळलो. "ते उत्तर कुणाचं होतं? नायिकेचं की तुझं?"

"उत्तर तर मला द्यावंच लागणार होतं, पगारच त्याचा मिळतो," ती बंद सोडत म्हणाली. "उशीर मात्र माझा होता. विचार करत होते."

"मग?"

"मग तू शेवटी गप्प बसलास. म्हटलं, प्रयत्न केला तर सुधारेल हा. गाडी उद्या सकाळची आहे. कपडे कमी घे, मावशीचं घर लहान आहे."

शिकागोत रस्त्यात अचानक कुणी गात नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली. सकाळपासून खाटकांची आणि शिंप्यांची पोरं आमच्या फळीवर गोंधळ घालतात आणि मी त्यांना ताल शिकवतो. मावशी मला "कानवाले जावई" म्हणतात. पुढल्या हिवाळ्यात तो सिनेमा आमच्या भागात लागला तेव्हा आम्ही तिघं गेलो. व्हेरानं टोपी घातली होती, आणि मागच्या बाईनं ती काढायला लावली.

शेवटचा नाच आला. लान्स दाराशी गेला, माझ्या पायांनी त्यानं विचारलं, आणि सगळं थेटर गप्प झालं. मक्याच्या लाह्या खाणारेसुद्धा थांबले. "अगं, दे ना उत्तर, बये!" मागची बाई पुटपुटली. उत्तर काय ते मला ठाऊक होतं. उत्तर माझ्या शेजारी बसलं होतं, माझ्याच कोटाच्या खिशात हात घालून. तरी या वेळी ती नाही म्हणाली तर, असं खरोखर वाटून गेलं.

दाराआडून ठोके आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मावशींनी नाक शिंकरलं. अंधारात माझी टाच हळूच वर झाली.

व्हेरानं पडद्यावरची नजर न हलवता माझ्या पायावर आपला पाय ठेवला आणि सिनेमा संपेपर्यंत उचलला नाही.