एकटेपणा वाढला

डिलाईल रोडच्या चाळीत इरावती दर बुधवारी दुपारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जमवायची. पत्ते, चहा, गप्पा. ती ज्या संस्थेत काम करायची, तिच्या भाषेत हा ‘हस्तक्षेप’ होता. त्याचा परिणाम मोजायला पुष्कर आला. हा बुधवारचा अड्डा पुढे चालणार की नाही, हे त्याच्याच अहवालावर होतं.

पत्ते बाजूला ठेवून म्हातारे शाळेतल्यासारखे रांगेत बसले.

“वर्षभरात तुमचा एकटेपणा कमी झाला का?” पुष्करने विचारलं.

“वाढला,” मीनाक्षीआजी म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्या रमाकांतांना कोपराने ढोसलं.

“माझा तर फारच,” रमाकांत म्हणाले. मघाशीच हसता हसता त्यांची कवळी निसटली होती.

पुष्करच्या मागे उभी इरावती हातवारे करत राहिली. तरी सगळ्यांचा एकटेपणा वाढलाच. अहवालात अड्डा आरोग्याला अपायकारक ठरला आणि संस्थेने तो बंद केला.

हे सांगायला इरावती चाळीत आली. “आजी, असं का बोललात?”

“अगो, बरं आहे म्हटलं की येणारा माणूस यायचा थांबतो. डोंबिवलीच्या माझ्या मुलाला एकदा म्हटलं, मी मजेत आहे. तेव्हापासून तो फिरकला नाही. तू येत राहावंस म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवून सांगितलं.”

“अहो, म्हणूनच बंद झालं.”

“म्हणजे तू येणार नाहीस?”

“नाही.”

आजींनी पत्त्यांचा जोड डब्यात ठेवून झाकण लावलं.

“मग त्या मोजणाऱ्याला कळव,” त्या म्हणाल्या. “त्याचा अहवाल आता बरोबर आहे.”