ओळ उचलणारा

माझा स्वभाव तापट आहे हे कल्याणात आमच्या आळीला ठाऊकच होते. माजिवड्याला ते पहिल्या आठवड्यात कळले. सन १८८६ मध्ये तिथल्या नव्या मराठी शाळेवर माझी नेमणूक झाली. शाळा म्हणजे गोमाजी पाटलाची पडवी, एक फळा आणि एकोणीस मुले, त्यांत तीन मुली. सगळी आगऱ्यांची, भाताच्या बांधांवर आणि मिठागरांत वाढलेली. त्यांची बोली मला उमगेना आणि माझी पुस्तकी मराठी त्यांना. पहिले दोन महिने आम्ही एकमेकांकडे नुसते बघतच काढले.

तरी घसा फोडफोडून मी त्यांना क्रमिक पुस्तकातली मुंगीची कविता शिकवली.

मुंगी चाले, दाणा वाहे,
मागे वळुनी कधी न पाहे;
वाट लांब, परि थांबत नाही,
काम आपुले सोडत नाही.

सगळी मिळून ती इतकी खणखणीत म्हणत की मिठागरावरचे बगळे उडून जात. मी आपला मिशीला पीळ देत होतो. मग वार्षिक परीक्षेला दिपोटीसाहेब आले. हे सरकारी शाळातपासनीस, पुण्याचे, पागोट्याची घडी सुद्धा शिस्तीची. त्यांची रीत अशी की एकेकाने उभे राहून कविता म्हणायची आणि बाकीच्या मुलांनी तोंडाला कुलूप लावायचे.

शेवंती उठली. सगळ्यांत हुशार पोर. "मुंगी चाले, दाणा वाहे," म्हणाली आणि गप्प.

"पुढे?" साहेब म्हणाले.

शेवंती इकडेतिकडे बघत राहिली. मग काळुराम उठला. त्याचेही तेच. एकोणीसच्या एकोणीस मुलांनी पहिली ओळ म्हटली आणि तोंडे मिटली. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. साहेबांनी शाळेच्या वहीत शेरा लिहिला: 'एका ओळीपलीकडे प्रगती नाही. पुढील वर्षी असेच आढळल्यास शाळा उठवून अन्य गावी न्यावी.'

खरे तर मला आनंद व्हायला हवा होता. कल्याणला परत जायला मी टपूनच बसलो होतो. पण ही पोरे मिठागरातून धावत येत, पायांवरचे मीठ पडवीत झडे, आणि त्या पांढऱ्या पावलांचे ठसे मी रोज संध्याकाळी स्वतः झाडत असे. ते झाडायला उरणार नाहीत या विचाराने मला रडू आले. ही मुले मला आवडू लागली होती, आणि ते मला त्या मेल्या शेऱ्याने कळले.

रडू आले की मी रागावतो. तडक शेवंतीच्या घरी जाऊन मी तिला फैलावर घेतले. तेव्हा तिची आजी हौसाबाई मध्ये पडली. ही गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, त्या गाण्यांवाचून लग्न लागलेच असे कोणी मानत नाही. तिच्यापुढे पाटीलसुद्धा हळू बोलत.

"मास्तर, पोरीला कशाला बोलतांव? तिना ओळ टाकली. कुनी उचललीच नाय."

"म्हणजे काय?"

"मी धवला गाते, तवा एक ओळ मी टाकतंय. मागच्या बायका ती उचलतान, तीच फिरून म्हनतान. मंग मी पुढं जातंय. उचलल्याबिगर पुढं गेली, तर गान्याचा अपमान होतो."

"अहो, ही परीक्षा होती. लग्न नव्हे."

"पोरांना काय ठाव? गानं ते गानं."

मी पुढचे वर्षभर खटपट केली. एकेका पोराला बांधावर नेऊन मी म्हणे, "आता एकट्याने म्हण." पोर ओळ टाकी आणि माझ्या तोंडाकडे बघत राही, इतक्या विश्वासाने की माझ्याच तोंडून ती ओळ निसटे. मग पोर खुशाल पुढे जाई. त्या वर्षी ती माझी मराठी शिकली, मी त्यांची बोली शिकलो, आणि दोन लग्नांत हौसाबाईच्या मागे बसून मी धवल्याच्या ओळीही उचलल्या. कल्याणच्या काकूला कळते, तर तिने मला गोमूत्र पाजले असते. पण एकट्याने कविता म्हणणारे पोर काही तयार झाले नाही.

मार्गशीर्षात साहेब पुन्हा आले. पडवीला लागूनच खळे, तिथे हौसाबाई आणि आणखी पाचसहा बायका सुपाने भात पाखडत होत्या.

शेवंती उठली. "मुंगी चाले, दाणा वाहे." आणि थांबली. मी जीभ दातांखाली धरली. इतक्यात खळ्यातून, सुपावरची नजर न काढता, हौसाबाईने ओळ उचलली. मागून बाकीच्या बायकांनी. शेवंती ठणठणीत पुढे गेली आणि चारही ओळी म्हणून खाली बसली.

"हा काय प्रकार?" साहेबांनी विचारले.

"बाकीच्या मुलांनी गप्प राहावे असा नियम आहे," मी म्हणालो. "मुले गप्पच आहेत."

साहेबांना हसू आले नाही. त्यांनी बायकांना लांब जायला सांगितले. हौसाबाई पुटपुटत सूप घेऊन पार बांधापलीकडे गेली.

आता पाळी शकूची होती. सहा वर्षांची, सगळ्यांत लहान. तिने ओळ टाकली आणि थांबली.

"कवितेतली मुंगी थांबत नाही," साहेब म्हणाले. "मग तू का थांबलीस?"

"मुंगी एकली कवा चालते?" शकू म्हणाली. "तिचे मागं रांग असते."

एवढे सांगून तिने ओळ पुन्हा टाकली आणि थेट साहेबांकडे बघत उभी राहिली. भ्यायली नव्हती. पाहुण्याने पहिला घास घ्यायची वाट बघावी, तशी बघत होती. ती नजर मला ठाऊक होती. तिच्यापुढे मी वर्षभर हरलो होतो.

साहेबांनी पागोटे सारखे केले. घसा खाकरला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मुंगी चाले, दाणा वाहे."

"मागे वळुनी कधी न पाहे," शकू म्हणाली.

तीही त्यांनी उचलली. चौथ्या ओळीला त्यांची बोटे शाळेच्या वहीवर ठेका धरत होती. त्यानंतर काळुराम, पोपट आणि राहिलेली सगळी. दुपारपर्यंत साहेबांचा घसा बसला आणि माझे डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत.

वहीत त्यांनी लिहिले: 'शाळा कायम राहावी. कविता उत्तम. येथे येणाऱ्या तपासनिसाने सोबत म्हणण्याची तयारी ठेवावी.'

साहेबांचा छकडा ठाण्याच्या वाटेला लागला, तेव्हा मुले, खळ्यातल्या बायका, गोमाजी पाटील, सगळे वेशीपाशी उभे होते. थोडे पुढे गेल्यावर छकड्यातून बसक्या आवाजात मोठ्याने ऐकू आले, "मुंगी चाले, दाणा वाहे." आणि आवाज थांबला. बैलसुद्धा थांबले.

साहेब वाट बघत होते. साऱ्या गावाने ओळ उचलली.