महाराजांचं चमचाभर पाणी

बांधकामावर शंभरेक माणसं श्वास रोखून उभी होती. घमेल्यातला सिमेंटचा गोळा इतका घट्ट, की त्यात खोचलेली थापी ताठ उभी. महाराजांनी डोळे मिटले, बाटलीतलं चमचाभर ‘सिद्ध जल’ ओतलं, काठीने ढवळलं. बघता बघता गोळा मधासारखा ओघळू लागला.

“सिमेंट सैल होतं, तिथे तुमचे सांधे म्हणजे काय चीज!” महाराज गरजले. “गोळ्या सोडा, श्रद्धा धरा!”

सगळ्यांत आधी पाया पडलो ते आम्ही गवंडीच. चमचाभर पाण्याने एवढा माल पातळ होत नाही, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणूनच फसलो.

माझ्या बायकोची बोटं सांधेदुखीने आखडलेली. माझा धाकटा भाऊ काँक्रीटच्या प्लांटवर कामाला. तोच म्हणाला, “दादा, महाराजांचं पाणी चोळा. वहिनी महिन्यात बटणं लावेल. माझी जबाबदारी!”

डॉक्टरांच्या गोळ्या थांबल्या. महिन्याभरात तिला पेलाही धरवेना.

मुलगी सिमेंट तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. घरी आली, आईचे हात पाहिले, बाटली हुंगली आणि ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. दोन्हींत सारखंच घट्ट सिमेंट. एकीत चमचाभर साधं पाणी, दुसरीत बाटलीतलं. पहिलं तसंच बसून राहिलं, दुसरं वाहिलं.

“अप्पा, सिमेंटचे कण एकमेकांना बिलगून गुठळ्या करतात, पाणी आत कोंडतात. बाटलीत मंतरलेलं पाणी नाही, रसायन आहे. ते कणांवर बसतं, त्यांना दूर ढकलतं. कोंडलेलं पाणी सुटतं, माल वाहतो. काकाच्या प्लांटवर पिंपं भरलीत याची.”

“आणि सांधे गं?” बायकोने विचारलं.

“आई, सांध्यांत सिमेंट नसतं.”

भावाला बोलावलं. “महाराजांना बाटली तूच भरून द्यायचास?”

“दादा, मला वाटलं, नुसत्या विश्वासानेही वहिनीला बरं वाटेल…”

“गोळ्या थांबल्या तेव्हाही गप्प बसलास?”

तो वहिनीचे हात धरायला पुढे झाला. आमची आई वारल्यावर त्याला माझ्या बायकोनेच भरवून मोठं केलं होतं. तिने हात पाठीमागे घेतले.

दुसऱ्या दिवशी मुलीने तोच प्रयोग बांधकामावर सगळ्यांना करून दाखवला, मंत्राशिवाय. महाराज तोवर पसार झाले होते.

गोळ्या पुन्हा चालू आहेत. दोन बोटं मात्र आता सरळ होणार नाहीत, असं डॉक्टर सांगतात. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तपासा. सांगणारा परका असला तर आपण एखादवेळी तपासतोही. आपला असला तरी तपासा. माझं तेवढंच तपासायचं राहिलं.