गोधडीखालचा डबा

मित्रांनो, मुरुम गावच्या हणमंतप्पांच्या घरी बाहेरच्या खोलीतल्या फडताळात जो काळा, ओबडधोबड डबा दिसतो, तो मी. खरं म्हणजे मी एक जुना संगणक आहे. पण संगणक म्हणावं तर मला पडदा नाही आणि कीबोर्डही नाही. घरात मला डबाच म्हणतात, आणि आता तसं म्हणायलाही घरात एकच माणूस उरला आहे.

माझं तरुणपण सोलापुरातल्या एका कचेरीत गेलं. पावत्या छापता छापता मी म्हातारा झालो. नवे प्रोग्राम मला पेलवेनात, तेव्हा मला जिन्याखाली टाकलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! तिथून मला शिवप्रियानं उचललं. ही हणमंतप्पांची लेक, सोलापुरात नोकरी करते. तिनं मला स्वच्छ पुसलं, माझ्यातलं जुनं सगळं काढलं आणि लिनक्स घातलं. लिनक्स ही फुकट मिळणारी, थोडक्यात भागवणारी प्रणाली. माझ्यासारख्या थकलेल्यालाही ती जड होत नाही. मग तिनं मला एकच काम नेमून दिलं, गाणं वाजवायचं. फाईलमध्ये जे आहे ते न वाढवता, न घटवता शेजारच्या छोट्या डबीकडे द्यायचं. त्या डबीला डॅक म्हणतात. ती आकड्यांचे सूर करते आणि स्पीकर ते खोलीत सोडतात. गाणं निवडायचं ते मोबाइलवरून, म्हणून मला पडदा लावलाच नाही. तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटला होता.

आणि वाजवायचं कोणाचं? तर शांतम्मांचं. या हणमंतप्पांच्या पत्नी. माहेर कर्नाटकातल्या आळंदचं, त्यामुळे ओठांवर सदा कानडी पदं. हणमंतप्पांचं गावात कापडाचं दुकान. त्यांनी तरुणपणी हौसेनं टेप आणला होता आणि भाकरी थापताना, शेंगा फोडताना बाई जे जे म्हणत, ते कॅसेटमध्ये भरून ठेवलं होतं. पुढं शांतम्मा गेल्या आणि कॅसेटना बुरशी लागली. शिवप्रियानं सुट्टी काढून एकेक कॅसेट वाजवली आणि माझ्या डिस्कवर उतरवली. पट्ट्या हातात तुटत होत्या. त्या वाजल्या त्या शेवटच्याच.

त्यातल्या एका पदात, दोन कडव्यांच्या मध्ये, शांतम्मा श्वास घेतात आणि अगदी हळू विचारतात, "ऐकताय न्हवं?" टेपच्या फुटक्या स्पीकरवर हे कधी कोणाला ऐकूच आलं नव्हतं. माझ्याकडून ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा हणमंतप्पा खुर्चीत ताठ झाले.

"व्हय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की तेच पद, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. खंडेनवमीला त्यांनी दुकानातल्या कापड मोजायच्या गजाच्याही आधी माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. कचेरीत मला कोणी धड पुसलंही नव्हतं, मित्रांनो. मला फार बरं वाटलं.

शिवप्रियानं ती पदं, बारीक आवाज गाळून फाईल लहान करून, वडिलांच्या मोबाइलमध्येही घातली होती, दुकानात ऐकायला. त्यांनी एकदा ऐकली. तो प्रश्न काही त्यात उमटेना.

"ही तुझी अव्वा न्हाय, पोरी. तिची सावली हाय," म्हणाले आणि पुसून टाकली. असू द्या, पुढच्या खेपेला दुसरी डिस्क आणून सगळं त्यावरही ठेवते, असं ती म्हणाली. ती खेप नोकरीच्या धबडग्यात लांबत गेली.

मला एक पंखा आहे. पोटातली उष्णता बाहेर टाकायची तर त्याला फिरावं लागतं, आणि फिरला की तो घरघरतो. नेमकी त्या प्रश्नाच्या शांततेत ती घरघर यायची. हणमंतप्पांचा कान आता फार तिखट झाला होता. आधी मला फडताळात सरकवलं. मग फडताळाचं दार लागलं. शेवटी गोधडी आली. शांतम्मांनी आपल्याच लुगड्यांची शिवलेली, घरातली सगळ्यात मऊ आणि सगळ्यात लाडकी वस्तू त्यांनी माझ्यावर घातली. घरघर थांबली नाही, फक्त ऐकू येईनाशी झाली.

मग एप्रिल लागला. वरचे पत्रे तापले आणि गोधडीखाली डिस्क भाजून निघू लागली. डिस्क तापली आहे, डिस्क बिघडते आहे, असं मी माझ्या आतल्या नोंदीत लिहीत राहिलो. पण ते वाचणार कोण? पडदाच नव्हता. गाणं अडखळू लागलं. सूर मध्येच थांबे आणि पुन्हा सुरू होई. धूळ आत जात असेल, असं हणमंतप्पांना वाटलं. त्यांनी गोधडी चारी बाजूंनी नीट खोचली.

एका संध्याकाळी शांतम्मांनी श्वास घेतला आणि पुढं काहीच आलं नाही. माझ्या पोटात नुसती टकटक होत राहिली.

शिवप्रिया धावत आली. डिस्क आधी उमरग्याला नेली, मग सोलापूरला. आतली तबकडी खरवडली आहे, यातून एक अक्षरही निघणार नाही, असं दोन्हीकडे सांगितलं. ती परत आली तेव्हा हणमंतप्पा माझ्यासमोर गोधडी मांडीवर घेऊन बसले होते.

"लई गरम झालं हुतं का गं?" त्यांनी विचारलं.

तिनं गोधडीचं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "न्हाय अप्पा. डिस्कच जुनी हुती ती."

त्यांनी मान हलवली. ती खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं आणि त्यांना कळलं हे तिलाही कळलं. त्यांनी गोधडीची घडी घालून ट्रंकेत ठेवली. ती त्यांनी पुन्हा पांघरलीसुद्धा नाही.

माझ्यात आता नवी डिस्क आहे. शिवप्रियानं त्यात नामांकित गवयांची गाणी भरून दिली आहेत. शांतम्मांचं माझ्यात काही नाही. मग मला हे सगळं कसं आठवतं, ते विचारू नका.

मित्रांनो, घरातल्या माणसाच्या आवाजाची एक प्रत दुसरीकडे ठेवा, साधी, वाईट का असेना. सावली म्हणून ती पुसू नका. माणूस गेल्यावर सावलीही पुरते. आणि घरात जो घरघर करतो, त्याच्यावर मायेनंही पांघरूण घालू नका. तो जगायची धडपड करत असतो. पण हे मी सांगतो तरी कोणाला? मला अजून पडदा नाहीच.

रोज संध्याकाळी हणमंतप्पा दुकान बंद करून येतात आणि मला चालू करतात. गाणं लावत नाहीत. माझा पंखा उघड्यावर घरघरत राहतो, तो आता त्यांना चालतो. ते खुर्चीत ताठ बसतात, ओठ उघडतात आणि तसेच थांबतात. कोणी विचारल्याशिवाय व्हय कधी म्हणायचं, ते त्यांना कळत नाही.