समजलं म्हणून केलेली सही

मी लाल-निळी पेन्सिल बोलतेय. बोटाच्या दोन पेरांएवढीच उरले आहे, म्हणून आढेवेढे न घेता सांगते.

राजापेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून मला भगवंतरावांनी उचललं. एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. नोकरीभर 'उपरोक्त विषयान्वये' लिहिलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच भाषेशी वैर धरलं. लोकांना कळत नाही तो कागद फाडून टाकावा, असं ते ज्याला त्याला ऐकवायचे. माणसं नोटिसा घेऊन यायची आणि भगवंतराव त्या फुकटात सोप्या करून द्यायचे. लाल टोकानं अवघड शब्द कापायचा, निळ्यानं वर साधा लिहायचा. खोटं कशाला बोलू, मला कापायलाच जास्त आवडायचं.

त्यांची एक पद्धत होती. मसुदा झाला की मला कानावर खोचून ते गल्लीच्या तोंडाशी जायचे. तिथे फुटपाथवर माणिकबाई भाजी विकायच्या. चांदूर बाजारहून सकाळच्या एसटीनं मेथी, वांगी घेऊन यायच्या. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. भगवंतराव मसुदा मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, आता तुमच्या शब्दांत सांगा. बाई जिथे अडखळत, तिथे मी चालायचे. बाईंना या कामाचा अभिमान होता. गिऱ्हाईक थांबवून त्या ऐकायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्या गल्लीतली फुटपाथवरची दुकानं उठवायची नोटीस आली होती. 'निष्कासित', 'अतिक्रमित' असल्या शब्दांनी भरलेली. बाईंनी वकील लावला, नोटीस समजलीच नाही म्हणून सांगितलं आणि सुनावणीत ती रद्द झाली. बाईंची जागा वाचली.

मग महापालिकेच्या एका साहेबांचं भगवंतरावांना पत्र आलं. फुटपाथ मोकळे करायचे आहेत, सोप्या भाषेत नोटिशीचा नमुना लिहून द्या. एवढ्या वर्षांत कुठल्याही कचेरीनं त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं. त्यांनी नवं ब्लेड आणून माझी दोन्ही टोकं काढली. पत्रात बाईंच्याच गल्लीचं नाव होतं. त्याखाली लाल रेघ मीच ओढली.

तरीही मसुदा घेऊन ते माणिकबाईंकडेच गेले. कोणाची नोटीस, असं बाईंनी विचारलं. नुसता नमुना आहे, असं ते म्हणाले. 'सामान जप्त करण्यात येईल' इथे बाई अडखळल्या.

"उचलून नेऊ, असं लिवा ना," त्या म्हणाल्या.

मी निळ्या टोकानं तसंच लिहिलं. तळाशी भगवंतरावांची आवडती ओळ होती: 'ही नोटीस मला वाचून दाखवली. मला समजली.' त्याखाली सहीची जागा.

महिन्याभरानं महापालिकेचा माणूस आला, बाईंना नोटीस वाचून दाखवली आणि समजली का म्हणून विचारलं. सरकारी कागद कोणी समजावून न सांगता कळायची बाईंची ती पहिलीच वेळ. शब्द तर त्यांचेच होते. घाबरल्या, पण समजली म्हणाल्या आणि सही करून बसल्या.

वकिलानं कपाळाला हात लावला. आता एकच वाट होती. ज्यानं नोटीस लिहिली त्यानंच सुनावणीत सांगायचं, की भाषा गोंधळात टाकणारी आहे. बाई भगवंतरावांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एकडाव म्हना ना साहेब, कठीन हाये म्हून. माह्यं सारं तितंच हाये."

भगवंतराव बघू म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी मी त्यांच्या खिशात होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नोटीस पुढे सरकवली आणि ही भाषा कठीण आहे का, असं विचारलं. भगवंतरावांनी कागद दोनदा वाचला. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "याहून सोपी लिहिताच येणार नाही."

त्यांचा आवाज जरा चढला होता. त्याला खरेपणा म्हणणारे म्हणोत. मी त्यांच्या हातात झिजले आहे, मी त्याला मिरवणं म्हणते.

नोटिशीत लिहिल्याप्रमाणे ताडपत्री, तराजू, भाजीच्या पाट्या उचलून नेल्या. भगवंतरावांना शाल आणि नारळ मिळाला. माणिकबाई आता डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरतात. भगवंतरावांचं दार मात्र टाळतात. एकदा भगवंतरावांनी रस्त्यात गाठून म्हटलं, बाई, खोटं कसं बोलू?

"तुमी खरंच बोलले," बाई म्हणाल्या. "मलेच समजलं नसतं तं बरं झालं असतं."

त्या रात्री ते बाईंना पत्र लिहायला बसले. निळ्यानं लिहिलं, 'चूक माझी आहे.' मग लाल टोकानं कापलं. असं चार वेळा झालं. पत्र गेलं नाही.

आज सकाळी ब्लेड पुन्हा माझ्या अंगावरून फिरलं. टेबलावर अकोल्याच्या एका साहेबांचं पत्र आहे. त्यांनाही नमुना हवाय. पत्रात तिथल्या एका गल्लीचं नाव आहे आणि भगवंतराव चष्मा पुसताहेत. तुमच्यापैकी कोणी जवळ असेल, तर माझं लाल टोक मोडून टाका.