बांधावर आलेला कडूकंद

नऊ डिसेंबर. पहाटे दाट धुकं, दुपारी कोरडं ऊन, वारा नाही.

मी कडूकंद बोलतोय. कोंडाणे गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर एका जुन्या झाडाखाली माझं घर होतं. पावसाळ्यात माझी वेल झाडावर चढायची, थंडीत वाळून जायची, आणि मी मातीत झोपायचो. झोपेत मला पाणी दिसायचं. वर कोण चालतंय हे पावलांवरून कळायचं. साळिंदराची पावलं चोरटी, गुरांची जड, आणि इंदूबाईंची थांबत थांबत येणारी.

इंदूबाईंच्या आधी त्यांची सासू यायची. दोघींचा नेम एकच. पहारीनं खणून मला वर काढायचं, आणि जिथून वेल फुटते ते माझं डोकं कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायचं. "पोट माणसाला, डोकं मातीला," असं पुटपुटत माती लोटायची. त्यामुळे मी किती वेळा खाल्ला गेलो आणि किती वेळा जन्मलो, हे मला सांगता येत नाही.

मधली काही वर्षं कुणीच आलं नाही. घरात भात पुरत होतं, मग कडू कोण खाणार? मी झोपेतच जाड होत गेलो.

यंदा दिवाळी सरली तरी पाऊस थांबेना. कापलेलं भात शेतात आडवं होतं, त्याला तिथंच कोंब फुटले. मग नऊ डिसेंबरला वर पावलं वाजली, ती दोघींची. इंदूबाईंबरोबर त्यांची सून नम्रता होती, मोहोपाड्याला कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली.

"आई, हे विषारी असतं म्हणतात."

"तसाच खाल्लास तर घसा धरंल. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायचा, मग रातभर व्हाळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा. खण गं, तोंड कमी चालव."

उजेडात आलो तेव्हा आजवर न पाहिलेलं काही दिसलं. पलीकडे पिवळं जेसीबी उभं होतं. उतारावर फार्महाऊससाठी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, आणि एक रेघ माझ्या खड्ड्याच्या कडेनं गेली होती.

इंदूबाईंनी तरीही डोकं कापलं आणि त्या खड्ड्याकडे वाकल्या. नम्रतानं त्यांचा हात धरला.

"इथं नको, आई. जेसीबी सगळं उकरून टाकेल. आपल्या बांधावर लावू."

"रानाचा कंद बांधावर रुसतो. आमच्यात कुणी लावला नाय."

"मलाही मोहोपाड्याहून उचलूनच आणलंत. मी रुसले का?"

"सहा महिने तोंड वर केलं नव्हतंस. इसरलीस?"

"मग याचीही तेवढी वाट बघू."

इंदूबाई हसल्या नाहीत. रिकाम्या खड्ड्यात त्यांनी मूठभर माती टाकली आणि माझं डोकं पदरात घेतलं.

मग मी दोन ठिकाणी होतो. पोट टोपलीत, व्हाळाच्या वाहत्या पाण्यात, हळूहळू कडूपणा सोडत. डोकं बांधाच्या ओल्या अंधारात. दुसऱ्या दिवशी इंदूबाईंचा मुलगा ऋषिकेश ताटाकडे बघून म्हणाला, "रेशन संपलं काय?" थोड्या वेळानं म्हणाला, "अजून हाय?"

आता मी बांधाखाली आहे. ही माती अनोळखी आहे. तिला खताचा वास येतो, झाडाची मुळं कुठं लागत नाहीत. वरून, उतारावरून, घरघर ऐकू येते. तिथले माझे सोबती कंद आता बोलत नाहीत. मी उगवलो नाही, तर या घराला कडूकंद पुन्हा मिळायचा नाही. अधूनमधून पावलं येतात, थांबतात, जातात. मी झोपेत पाणी शोधतो.

भात हातचं जाईल अशी वर्षं आणखी येतील. तेव्हा मला खुशाल खा. फक्त डोकं मातीला द्या. जुना खड्डा उरला नसेल, तर नवा खणा.

अकरा जून. रात्री पाऊस, सकाळी उघडीप. बांधावर बोटभर कोंब. तोंड वर.