दोनच स्टिकर

विशाखानं फ्रीझरच्या बटणावर पंजा ठेवला आणि तो तसाच ठेवून ती मुकुंद सरांकडे वळली.

"सर, हा बंद नाही करता येणार."

"स्टिकर कुठं आहे याचं?"

स्टिकर नव्हतं. मे महिन्यातली दुपार होती, अर्ध्या विद्यापीठाला सुट्टी होती आणि तरी विजेचा भार चढतच चालला होता. वीज कंपनीशी केलेल्या करारातल्या मर्यादेच्या वर तो गेला की सगळ्या विद्यापीठाला दंड बसायचा. म्हणून ऊर्जा कक्षाचे प्रमुख मुकुंद सर स्वतः इमारतीतून फिरत होते आणि दिसेल ते बंद करत होते. वाचायचं ते फक्त हिरवं स्टिकर लावलेलं यंत्र. प्रत्येक विभागाला अशी दोनच स्टिकरं दिलेली होती. गेल्या वर्षी मागेल त्याला दिली, तर लोकांनी चहाच्या किटलीलासुद्धा लावली. तेव्हापासून सर कोणाचं काही ऐकून घेत नव्हते, आणि त्यांचं चुकत होतं असं म्हणवत नाही.

जीवरसायन विभागाचं एक स्टिकर इन्क्युबेटरवर होतं. दुसरं प्रयोगशाळेत कुठंच दिसत नव्हतं.

"दोन-तीन तासांचा प्रश्न आहे," मुकुंद सर म्हणाले. "दार उघडू नकोस. काही होत नाही."

"नव्याला काही होत नाही सर. ह्याचा कंप्रेसर मागं एकदा बंद पडला तर पुण्याहून माणूस आणावा लागला. आता बंद केला तर परत चालू होईल, ह्याची खात्री कोणीच देत नाही."

"आत आहे काय एवढं?"

"रक्त. लासूर स्टेशन गावातल्या बायकांचं. पोटुशी होत्या तेव्हा घेतलेलं. त्या बाळंत झाल्या सर. परत नाही घेता येणार."

त्या बायका सहजासहजी तयार झाल्या नव्हत्या. विशाखाची आत्या, लीलाबाई, भाचीला घेऊन भर उन्हात घरोघर फिरली होती. "आमची पोरगी हाय, तुमचं रक्त वाया नाय जाऊ द्यायची," असं तिनं प्रत्येकीला सांगितलं होतं. त्या शब्दावर बायकांनी दंड पुढं केले होते.

मुकुंद सरांचा फोन वाजला. मीटरच्या खोलीतून कोणीतरी घाईनं बोलत होतं. "हो, बघतोय," म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला आणि रुमालानं मान पुसली.

"इतकं मोलाचं होतं, तर स्टिकर का नाही लावलंस?"

विशाखाची नजर विभागप्रमुख जाधव सरांच्या केबिनकडे गेली. दार बंद होतं आणि त्याच्या फटीतून गार हवा पावलांवर येत होती. मुकुंद सरांनी दार ढकललं. जाधव सर उस्मानपुऱ्यात घरी जेवायला गेले होते. रिकाम्या खोलीत एसी चालू होता आणि त्यावर हिरवं स्टिकर होतं.

"जाधवांनी लावायला लावलं?"

हो म्हणणं सोपं होतं. मुकुंद सरांना ते लगेच पटलं असतं. पण जाधव सर तिचे गाइड होते, आणि शिवाय ते खरंही नव्हतं.

"नाही सर. मीच लावलं. जाधव सर उन्हातून येतात. आमच्याकडं सगळेच आधी खोली गार करून ठेवतात. सरांना सांगायची वेळ येऊ देत नाहीत."

"स्टिकर असलेलं मला बंद करता येत नाही, नसलेलं सोडता येत नाही," मुकुंद सर म्हणाले. "अदलाबदल विभागानं करायची. विभागातली इथं तूच आहेस. लवकर ठरव."

प्रबंधावर पुढच्या महिन्यात जाधव सरांची सही हवी होती. विशाखाला ती सही आठवली, आत्याही आठवली. तिनं खुर्ची ओढली, चढली आणि नखानं स्टिकर खरवडून काढलं. ते अर्धं फाटलं. तसंच फ्रीझरला चिकटवून तिनं एसी बंद केला. मुकुंद सर मान हलवून वरच्या मजल्यावर गेले.

केबिन भराभर तापली. विशाखा मनात वाक्यं जुळवत बसली आणि एकही तिला पसंत पडेना.

जाधव सर आले, आत गेले.

"विशाखा."

ती दारात उभी राहिली.

"एसी तू बंद केला?"

"व्हय सर." घाबरली की तिच्या तोंडी घरची बोली यायची.

"बरं केलं बाई. मला गारवा सोसत नाय, गुडघे धरतात. पण तुम्ही पोरं इतक्या हौसेनं लावून ठेवता. म्हटलं, कशाला नाराज करायचं."

खुर्चीच्या पाठीवरची शाल त्यांनी घडी करून कपाटात ठेवली. उन्हाळाभर सर ती अंगावर घेऊन बसत. सरांना सत्काराच्या शालीचा फार सोस, म्हणून सगळा विभाग पाठीमागं हसायचा. विशाखाही हसली होती.

ती बाहेर आली. जो गारवा कोणालाच नको होता, त्याच्यापायी आज त्या बायकांचं रक्त गेलं असतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"आणि ऐक," आतून जाधव सरांचा आवाज आला, "भार वाढलाय म्हणतात. फ्रीझरला स्टिकर हाय ना? ते बघ आधी."

"लावलंय सर," ती म्हणाली.

कधी लावलं, ते त्यांनी विचारलं नाही. तिलाही सांगवलं नाही.